एमआरआय नॉर्मल, मग आजार कुठे?

मेंदूची चित्रे आणि मोटर न्यूरॉन डिसीज हा विषय घेऊन मराठीत पुस्तक निघते आहे, याचा आनंद आहेच. पण प्रस्तावना लिहिणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात वाचकाची थोडी निराशा करावी लागणार. ज्यावरून या आजाराचे निदान छातीठोकपणे करता येईल, असे एकही चित्र आज वैद्यकाकडे नाही. साधा एमआरआय करा, तीन टेस्लाच्या यंत्रावर करा, पेट स्कॅन करा. रिपोर्टच्या तळाशी आजाराचे नाव छापून येईल ही अपेक्षा धरू नये. मेंदूच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा एकच शब्द येतो, 'नॉर्मल'. घरची माणसे तो कागद हातात धरून विचारतात, "डॉक्टर, मेंदू नॉर्मल आहे, मग आजार कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि तरीही, या आजाराचा संशय आला की जवळजवळ प्रत्येकाला त्या यंत्राच्या बोगद्यातून जावेच लागते. जे यंत्र आजार दाखवत नाही त्याच्याशिवाय निदान पुढे का सरकत नाही, हे समजले तर पुस्तकाचा अर्धा विषय समजला.

आजाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. मेंदूच्या पुढच्या भागाच्या मागच्या कडेला, दोन्ही बाजूंना एकेक वळी असते. हालचालींचा हुकूम तिथून सुटतो. या वळीतल्या काही पेशी आकाराने इतक्या मोठ्या आहेत की कीव्हच्या व्लादिमिर बेट्झ यांनी १८७४ मध्ये त्यांचे वर्णन केल्यापासून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. इथल्या पेशींचे लांबच लांब तंतू मेंदूतून खाली उतरतात, मानेच्या वर बाजू बदलतात आणि मज्जारज्जूत शिरतात. त्यांना वरचे न्यूरॉन म्हणू. मज्जारज्जूत त्यांची गाठ दुसऱ्या पेशींशी पडते. त्या खालच्या न्यूरॉनांचे तंतू थेट स्नायूंपर्यंत जातात. वरचे न्यूरॉन मरू लागले की हातपाय ताठरतात, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नको तितका उडतो. खालचे मरू लागले की स्नायू सुकतात आणि कातडीखाली आपोआप फुरफुरतात. मोटर न्यूरॉन डिसीजच्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे एएलएसमध्ये, दोन्ही मरतात. स्पर्श कळत राहतो, डोळे फिरतात, लघवीवर ताबा राहतो. जाते ती हालचाल, मग गिळणे आणि बोलणे, शेवटी श्वास.

सुरुवात मात्र इतकी किरकोळ असते की कुणाला शंका येऊ नये. चालताना एकाच पायातली चप्पल निसटते. शर्टचे वरचे बटण लागत नाही. कुलपात किल्ली जाते, पण फिरत नाही. फोनवरचा माणूस विचारतो, "आज आवाज असा का येतोय?" पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत सरासरी वर्षभर जाते, हा जगभरातल्या अनेक देशांचा अनुभव आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून निम्मे रुग्ण साधारण तीन वर्षांच्या आसपास जातात. दहा वर्षांपुढे जगणारे दहात एखादे. हातात असलेल्या काळाचा केवढा हिस्सा निदान होण्यातच संपतो, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आपल्याकडे हे वर्ष कुठे जाते, ते सांगायला संशोधनाची गरज नाही. ते मानेत जाते. हात अशक्त झाला म्हणून माणूस डॉक्टरांकडे जातो, मानेचा एमआरआय निघतो, आणि "मानेत गॅप आहे, नस दबली आहे" असे उत्तर मिळते. उत्तर खोटे नसते, अडचण तीच आहे. साठी ओलांडलेल्या कुणाही माणसाला, अगदी रोज टेकडी चढणाऱ्यालासुद्धा, त्या यंत्रात झोपवा. मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, बाहेर आलेल्या दिसण्याची शक्यता भरपूर. चित्रात दिसणारी गोष्ट आणि रुग्णाला होणारा त्रास एकाच माणसात असले, म्हणजे एकामुळे दुसरे झाले असे होत नाही. पण चित्राचा एक दरारा असतो. मग पट्टा येतो, ट्रॅक्शन येते, गोळ्या येतात, आणि काहींच्या वाट्याला मानेचे ऑपरेशनही येते. ऑपरेशन व्यवस्थित पार पडते. हात मात्र सुकतच जातो. मोटर न्यूरॉन डिसीजच्या काही रुग्णांवर निदानाआधी मणक्याचे विनाकारण ऑपरेशन झालेले असते, हे परदेशांतल्या पाहण्यांतही पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहे. तेव्हा हा दोष फक्त आपला नाही.

इथे चित्रांच्या पुस्तकात न बसणारी एक गोष्ट सांगायला हवी. चित्र काढायला पाठवण्यापूर्वी रुग्णाची जीभ पाहावी. आपण लहानपणापासून डॉक्टरांना जीभ बाहेर काढून दाखवत आलो. पण बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थोडी थरथरते. तोंड उघडे ठेवायला सांगून जीभ आतच, खालच्या दातांमागे सैल पडू द्यायची, बॅटरी मारायची आणि घाई न करता पाहत राहायचे. कडांना खाचा पडल्या आहेत का? पृष्ठभागाखाली काही वळवळते आहे का? जिभेची नस मेंदूच्या बुडातून निघते, मानेच्या मणक्यांच्या वरून. मानेतली चकती कितीही सरकली तरी तिचा हात जिभेपर्यंत पोचत नाही. तीच गोष्ट जबड्याची. हनुवटीवर बोट ठेवून हलका टोला दिला आणि जबडा झटक्याने मिटला, तर बिघाड मानेच्या वर आहे. या दोन तपासण्यांना पैसे लागत नाहीत. त्या केल्या नाहीत, तर कोट्यवधींचे यंत्र आपल्याला सरळ चुकीच्या खोलीत नेऊन बसवू शकते.

हाताकडेही नीट पाहावे. या आजारात पुष्कळदा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा आणि अंगठा व तर्जनी यांमधला स्नायू आधी खपाटीला जातो. करंगळीच्या बाजूचा उंचवटा मात्र बराच काळ टिकून राहतो. गंमत अशी की करंगळीकडचे स्नायू आणि तर्जनीजवळचा तो स्नायू एकाच नसेवर चालतात. नस दबली असती तर दोन्ही सुकायला हवे होते.

चित्रांचा इतिहास मात्र जिवंत माणसापासून सुरू होत नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो वृद्ध, गरीब, दुर्धर आजारांनी खिळलेल्या स्त्रिया राहत. झाँ-मार्तँ शार्को यांनी तिथे एक शिस्त बसवली. रुग्ण जिवंत असताना तिचे चालणे, हातांचा ताठरपणा, बोलणे, सगळे बारकाईने टिपायचे. मृत्यूनंतर मेंदू आणि मज्जारज्जू कापून त्या टिपणांशी ताडून पाहायचे. १८६९ मध्ये झोफ्रॉय या सहकाऱ्याबरोबर आणि १८७४ मधल्या व्याख्यानांत त्यांनी या आजाराची मांडणी केली. स्नायू सुकलेले आणि मज्जारज्जूच्या बाजूच्या पट्ट्यांतले तंतू नष्ट होऊन तो भाग निबर झालेला, अशी ती जोडी. आजही चालणारे 'अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस' हे नाव त्या कापलेल्या मज्जारज्जूच्या दर्शनावरून पडले. शार्को यांना आजार दिसला तो रुग्ण गेल्यावर. त्यानंतरची दीडशे वर्षे वैद्यक तीच गोष्ट रुग्ण समोर बसलेला असताना पाहण्यासाठी धडपडते आहे.

मधल्या काळात पाहणे कसे होते, त्याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. १९६३ मध्ये एकवीस वर्षांच्या स्टीफन हॉकिंग यांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा सीटी नव्हता, एमआरआय नव्हता. त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे: दंडातल्या स्नायूचा तुकडा काढला, अंगात इलेक्ट्रोड खुपसले, आणि पाठीच्या कण्यात क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून पलंग वरखाली कलवत ते कसे वाहते ते पाहिले. ते द्रव्य कुठे अडत नाही, म्हणजे मज्जारज्जूवर गाठ नाही, एवढाच त्याचा अर्थ. आज मानेचा एमआरआय नेमके तेच काम करतो; फक्त सुई न टोचता, आणि कितीतरी स्वच्छ.

१९७१ मध्ये लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिला सीटी स्कॅन झाला. त्याने मेंदूतल्या गाठी आणि रक्तस्राव दाखवले. मोटर न्यूरॉनांबाबत तो मुकाच राहिला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रातून चित्र घडवण्याची रीत प्रसिद्ध केली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली, आणि २००३ चे नोबेल दोघांना मिळाले. शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू चुंबकात कसे वागतात, यावर हे चित्र उभे राहते. म्हणून जिथे पाण्याची वागणूक बदलते, तिथे चित्र बदलते. पुढे येणाऱ्या सगळ्या करामतींचे मूळ या एका वाक्यात आहे.

आता चित्राचे पहिले काम: नाही म्हणणे. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट इथे २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी बसून निदानाचे नियम सोपे केले. आधीचे, स्पेनमधल्या एल एस्कोरियालच्या नावाचे नियम इतके पायऱ्या-पायऱ्यांचे होते की 'शक्य', 'संभाव्य' अशा शब्दांत रुग्ण लटकत राही. नव्या नियमांत तीनच गोष्टी आहेत. हालचालींची दुर्बलता वाढत जाणारी हवी. तपासणीत एका भागात वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही न्यूरॉनांची, किंवा दोन भागांत खालच्या न्यूरॉनांची लक्षणे हवीत. आणि दुसरा कुठलाही आजार नाही, हे चाचण्यांनी पाहिलेले हवे. मेंदूची आणि मानेची चित्रे येतात ती या तिसऱ्या अटीत. पहिल्या दोन अटी अजून डॉक्टरांचे डोळे, हातोडी आणि स्नायूंतली विद्युत हालचाल टिपणारी ईएमजीची सुई यांच्याच ताब्यात आहेत.

नाही म्हणण्याचे हे काम कुणी कमी लेखू नये. कवटीच्या तळाशी, जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो त्या भोकाजवळची गाठ हुबेहूब या आजाराचे सोंग आणते, आणि ती काढता येते. मेंदूतली गाठ, मल्टिपल स्क्लेरॉसिस, मानेत खरोखर दबलेला मज्जारज्जू, हे सगळे चित्रात सापडतात. काही सोंगे चित्रात सापडत नाहीत, तीही सांगून टाकतो: बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइड रक्तात कळतात, मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी या उपचाराला दाद देणाऱ्या आजारासाठी नसांना करंट देऊन तपासावे लागते. एमआरआय स्वच्छ आला म्हणून या तपासण्या सोडायच्या नसतात.

एका सोंगावर मात्र थांबायला हवे, कारण ते आशियात आणि आपल्या देशात विशेष आढळते. पंधरा ते पंचवीसच्या वयाचा मुलगा, बहुधा मुलगाच. एका हाताची बोटे अशक्त होतात, पंजा आणि कोपराखालचा हात सुकतो, थंडीत बोटे आणखीच आखडतात. ज्यांनी पुस्तकात वाचले आहे ते घाबरतात, घरच्यांना घाबरवतात. पण हा हिरायामा यांचा आजार असू शकतो. जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये त्याचे वर्णन केले. तो काही वर्षे वाढतो आणि थांबतो. जीव घेत नाही. बिघाड कसा होतो पाहा: मुलगा मान पुढे वाकवतो तेव्हा मज्जारज्जूभोवतालचे मागचे आवरण पुरेसे ताणले न जाता पुढे सरकते आणि मज्जारज्जूला समोरच्या मणक्यावर दाबते. रोज, वर्षानुवर्षे. पुढच्या बाजूच्या मोटर पेशी त्यात मरतात. मान सरळ केली की सगळे पुन्हा जागच्या जागी. आता नेहमीचा एमआरआय कसा काढतात? रुग्णाला उताणा झोपवून, मान सरळ ठेवून! म्हणजे दोष ज्या क्षणी दिसतो तो क्षण सोडून बाकी सगळे टिपले जाते, आणि रिपोर्ट येतो 'विशेष काही नाही'. मान पुढे वाकवून दुसरा एमआरआय काढला की मागचे आवरण सुटून आलेले, त्यामागच्या पोकळीत फुगलेल्या शिरा आणि चपटा झालेला मज्जारज्जू स्पष्ट दिसतो. उपचाराची सुरुवात मानेच्या कॉलरने होते. एकोणीस वर्षांच्या पोराला मोटर न्यूरॉन डिसीजचा शिक्का लागणार की कॉलर, हे चिठ्ठीवर 'मान वाकवून' एवढे दोन शब्द लिहिले गेले की नाही यावर ठरते.

भारताने या विषयात स्वतःची भरही घातली आहे. १९७० मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी तरुणांतला, चेहरा व घसा अशक्त करणारा, कानांनी बहिरे करणारा आणि दशकानुदशके रेंगाळणारा एक प्रकार नोंदवला. तो जगात 'मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज' म्हणूनच ओळखला जातो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. गौरी-देवी यांनी एकच हात किंवा एकच पाय सुकून थांबणाऱ्या आजाराचा अभ्यास केला. पाश्चात्त्य पुस्तकातली आयुर्मर्यादा आपल्या तरुण रुग्णाला सांगण्यापूर्वी हे सगळे आठवावे.

चित्राचे दुसरे काम, होय म्हणणे, इथे खरी चुरस आहे. त्याची निकड का, ते आधी पाहू. खालचे न्यूरॉन मरत असतील तर ईएमजीची सुई स्नायूत घालून ते आवाजात ऐकू येते, पडद्यावर दिसते, लक्षणे उघड होण्याआधीही. वरच्या न्यूरॉनांसाठी असे काही नाही. अजूनही हातोडीच. आणि स्नायू पुरता सुकला की हातोडीलाही उत्तर मिळत नाही. वरचा बिघाड खालच्या बिघाडाखाली झाकला जातो. वरचे न्यूरॉन चित्रात दिसले असते तर निम्मी अनिश्चितता मिटली असती.

प्रयत्न १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. मेंदूतून उतरणाऱ्या त्या तंतूंच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पांढुरकी झाक दिसते, असे एमआरआय वाचणाऱ्यांनी नोंदवले. पण तशी झाक धडधाकट माणसांतही दिसते, आणि पुष्कळ रुग्णांत दिसतच नाही. १९९३ मध्ये जपानी रेडिओलॉजिस्टांनी वेगळीच गोष्ट दाखवली: हालचालीच्या वळीची कड नेहमीपेक्षा काळी पडते. आजच्या यंत्रांवर लोहाला संवेदनशील असा क्रम, एसडब्ल्यूआय, लावला की ती चांगली दिसते. पाहायची कशी? डोक्याच्या माथ्याजवळच्या आडव्या कापांत उलट्या ओमेगाच्या आकाराचा एक गोंडस उंचवटा शोधायचा. हाताच्या हालचालींचा भाग तो. तिथून वळीच्या कडेने नजर न्यायची. पुढच्या आणि मागच्या वळ्यांची कड करडी असताना या एकाच वळीला काजळाची बारीक रेघ ओढल्यासारखी दिसली, तर थांबावे. मृत्यूनंतरच्या तपासणीत या रेघेचा उगम सापडला आहे: मेंदूच्या सफाई करणाऱ्या पेशींत साठलेले लोह. ज्या रुग्णांत वरच्या न्यूरॉनांचा बिघाड जास्त, त्यांत ती जास्त दिसते. मला स्वतःला ही खूण आवडते, कारण ती डोळ्यांनी दिसते, त्यासाठी गणित करावे लागत नाही. पण वयाबरोबर निरोगी मेंदूतही तिथे लोह साठते. सत्तरीच्या माणसातली रेघ आणि चाळिशीच्या माणसातली रेघ यांना एकच वजन देऊ नये. आणि रेघ नाही म्हणून आजार नाही, असे तर मुळीच म्हणू नये.

गणिताची वाट १९९४ मध्ये खुली झाली. पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, म्हणजे डीटीआय, मांडले. शाबूत तंतूंच्या जुडीत पाणी तंतूंच्या लांबीने सहज सरकते, आडवे सरकत नाही. जुडी विस्कटली की पाणी चारी दिशांना पसरते. हे शून्य ते एक यांमधल्या आकड्यात मांडता येते. १९९९ मध्ये लंडनच्या गटाने दाखवले की एएलएसमध्ये हालचालींच्या तंतूंतला हा आकडा घसरतो. तेव्हापासून कितीतरी गटांनी तेच पाहिले. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पुलाचा मधला भागही बिघडतो, हेही कळले. २०१० मध्ये ऑक्सफर्डला जमलेल्या संशोधकांनी देशोदेशीची चित्रे एकत्र करण्याची मोट बांधली. २०१३ मध्ये हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी मृत मेंदूंवरून टीडीपी-४३ या प्रथिनाचा प्रसार चार टप्प्यांत मांडला, आणि जर्मनीतल्या उल्मच्या गटाने तेच टप्पे जिवंत रुग्णांच्या तंतूंत डीटीआयने शोधले. शार्को यांची शिस्त आता उलट्या दिशेने चालू लागली.

मग हे दवाखान्यात का येत नाही? कारण शंभर रुग्णांची सरासरी आणि शंभर निरोगी माणसांची सरासरी वेगळी असली, तरी समोरच्या एका माणसाचा आकडा दोन्ही गटांत बसू शकतो. डीटीआयवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अचूकता दोन-तृतीयांशाच्या आसपास भरली. दहा रुग्णांतले तीन निसटणार आणि दहा निरोगी माणसांतल्या तिघांना उगीच धास्ती. इतक्या भयंकर निदानासाठी हे चालणार नाही. त्यातही एक मेख आहे, आणि ती पुष्कळ शोधनिबंधांत शेवटच्या परिच्छेदात लपलेली असते. तुलना केली जाते ती निरोगी स्वयंसेवकांशी. दवाखान्यात निरोगी स्वयंसेवक येत नाहीत. तिथला प्रश्न असतो की या माणसाला मोटर न्यूरॉन डिसीज आहे की मानेचा त्रास. त्या प्रश्नावर परीक्षा दिलेली यंत्रे फार थोडी. बेल्जियममधल्या लूव्हेनने आणि इटलीतल्या टूरिनने पेट स्कॅनवर केलेले काम नावाजण्यासारखे आहे. हालचालीच्या भागात साखरेचा वापर कमी आणि मेंदूच्या बुडात जास्त, असा नमुना त्यांना बऱ्याच मोठ्या संख्येने रुग्णांत दिसला. तरी वरचा आक्षेप तिथेही उभा राहतो. संगणकाला हजारो चित्रे दाखवून शिकवण्याचा सध्या उत्साह आहे. शिकवणीतच प्रश्न चुकीचा दिला, तर उत्तर वेगाने चुकेल, इतकेच.

या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांच्या पेशींत टीडीपी-४३ साठते, हे २००६ मध्ये कळले. ते जिवंत मेंदूत उजळवून दाखवील आणि रोजच्या तपासणीत वापरता येईल, असे पेटचे द्रव्य अजून हाती नाही. ते आले, तर ही प्रस्तावना जुनी होईल, आणि व्हावीच. तोवर माझा अंदाज विचाराल तर रक्तातले न्यूरोफिलामेंट चित्रांच्या आधी बाजी मारील. मरणाऱ्या तंतूंतून ते रक्तात सुटते आणि साध्या नमुन्यात मोजता येते. चित्रांचे बळ वेगळ्या जागी आहे: सी-९-ऑर्फ-७२ सारखा जनुकीय दोष घेऊन जन्मलेल्या पण अजून ठणठणीत असलेल्या नातेवाइकांच्या मेंदूत बदल कधी सुरू होतात ते पाहणे, आणि औषधांच्या चाचण्यांत ते बदल थांबतात का हे मोजणे. काही रुग्णांत या आजाराबरोबर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया येतो. स्वभाव बदलतो, विवेक सुटतो. तिथे मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला साध्या एमआरआयमध्येही दिसू शकतो, आणि "बाबा असे का वागतात" या घरातल्या भांडणाला उत्तर मिळते.

लवकर कळून तरी काय करणार, असे विचारणारे भेटतात. रिल्युझोल हे औषध १९९५ पासून आहे. फायदा काही महिन्यांचा, पण खरा. मास्कने श्वासाला आधार देणारे यंत्र योग्य वेळी लावले, तर आयुष्य वाढते आणि झोप लागते. पोटात अन्न पोचवणारी नळी बसवायची तर फुप्फुसांत ताकद असतानाच. एसओडी-१ या जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या प्रकारासाठी टोफर्सेनला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आणि औषधाखेरीज: आवाज शाबूत असताना तो रेकॉर्ड करून ठेवणे, सह्या करता येत असताना कागदपत्रे करणे. उशिरा झालेले निदान हे सगळे हिरावून घेते.

एक व्यावहारिक बाब कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. एमआरआयसाठी अर्धा-पाऊण तास उताणे, न हलता झोपावे लागते. ज्याच्या श्वासाचा पडदा अशक्त झाला आहे त्याला उताणे झोपल्यावर धाप लागते. ज्याला गिळता येत नाही त्याची लाळ घशात जमते. अडचण आली तर दाबा म्हणून तंत्रज्ञ हातात एक रबरी फुगा देतो. तो फुगा दाबायची ताकद या रुग्णाच्या बोटांत असेलच असे नाही, आणि यंत्राच्या खडखडाटात त्याचा बारीक आवाज कुणाला ऐकू जात नाही. आत जाण्यापूर्वी हे तंत्रज्ञाला स्पष्ट सांगावे. फुगा पायाशी, कोपराखाली, जिथे जोर लागतो तिथे ठेवता येतो. आधी दाबून पाहावा. मधे मधे थांबून विचारायला सांगावे. शक्य असेल तर ही तपासणी लक्षणे वाढायच्या आतच उरकावी.

आणि रिपोर्टच्या शेवटचे ते वाक्य, 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. रेडिओलॉजिस्ट हात झटकतो आहे असे समजून आपण त्याची चेष्टा करतो. या आजारात ते अख्ख्या रिपोर्टमधले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. रुग्णाची जीभ रेडिओलॉजिस्टने पाहिलेली नसते. चिठ्ठीवर जे लिहून येते, तेच तो शोधतो. चिठ्ठीवर 'मानेचे दुखणे' लिहिले तर मान मिळेल. 'दोन्ही हात सुकतात, जीभ फुरफुरते, मोटर न्यूरॉन डिसीजचा संशय' असे लिहिले, तर तो एसडब्ल्यूआय लावील, कवटीच्या तळाशी बघेल, तंतूंच्या वाटेवरून नजर फिरवील. पुस्तकाच्या लेखिका स्वतः रेडिओलॉजिस्ट आहेत आणि हे त्यांनी जागोजागी सांगितले आहे, याचे मला कौतुक वाटते. आपल्या यंत्राची हद्द सांगणारे तज्ज्ञ फार नाहीत.

तेव्हा वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरात हा संशय आला आहे त्यांना, एवढीच विनंती. एमआरआय सेंटरमधून निघताना फिल्म आणि रिपोर्टबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ चित्रे मागून घ्या आणि जपून ठेवा; वर्षभराने दुसरा तज्ज्ञ तीच चित्रे नव्या प्रश्नाने पाहू शकतो. स्कॅन कोणत्या शंकेसाठी आहे, ते डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि हात किंवा पाय दुखत नसताना, बधिर होत नसताना नुसता सुकत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टने जीभ पाहिल्याशिवाय आणि ईएमजी झाल्याशिवाय मानेच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करू नका.